बुलेटचे हप्ते

"छंद वगैरे राहू द्या. कर्ज किती आहे तुमच्यावर?" पोह्यांची बशी पुढे करत मुलीनं विचारलं. तिच्या आईनं कपाळाला हात लावला.

बघायला आलेला मुलगा खिडकीतून आपल्या चकचकीत बुलेटकडे बघत म्हणाला, "हिचे हप्ते चालू आहेत. अजून तीन वर्षं."

"आणि शिल्लक?"

"पेट्रोलमध्ये जाते."

ती खळखळून हसली. खरं बोलणारा पहिलाच भेटला होता.

महिन्याभरानं ती स्कूटीवरून बागेपाशी पोहोचली, तर तो बसमधून उतरत होता. बुलेट विकून त्यानं कर्ज फेडलं होतं. "आता शिल्लक पडेल," तो म्हणाला, "पण तुम्हाला फिरायला न्यायचं कसं?"

तिनं डिकीतलं दुसरं हेल्मेट त्याच्या डोक्यावर चढवलं.

"बसा मागे. हिचे हप्ते कधीच फिटलेत."