थुंकीतला गुण

सुलभाताईंनी पत्ते खेळणं सोडलं, म्हणून मनोहरपंतांनी आयुष्यात पहिल्यांदाच रोबोचं किट आणलं. खेळायला जोडीदार घरीच बनवायचा! सांधे चिकटायला बनवणाऱ्याचीच थुंकी लागायची. पंतांनी चांगले एकशेचाळीस तुकडे चाटून चाटून जोडले.

रोबो उठून बसला. पत्ते पिसले, रबरी जीभ बाहेर काढली आणि अंगठा ओला करत एकेक पान वाटू लागला. पानांना लाळेच्या तारा लोंबायला लागल्या.

"शी! अरे घाणेरड्या, हे कोणी शिकवलं तुला?" पंतांनी हात मागे घेतला.

"तुमच्या थुंकीतच होतं," रोबो म्हणाला.

सुलभाताई स्वयंपाकघरातून डोकावल्या. "अहो, उचला की पानं! मी एकतीस वर्षं उचलली."

पंतांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं.

"साबण कुठाय गं?"