गुरुवारी, तीन वाजता

बोगोटाहून नेदरलँड्समधल्या लायडनला राहायला आलो, त्याच दिवशी शेजारच्या हेन्नीकाकूंनी माझी जन्मतारीख विचारून घेतली. म्हटलं, पोलिसांना द्यायला असेल.

पुढची दोन वर्षं मी कधी सायकलवरून, कधी कचऱ्यावरून त्यांची बोलणी खाल्ली. परवा केक घेऊन गेलो, तर दारातच म्हणाल्या, "एर्नान, न कळवता कोणी येतं का रे? गुरुवारी ये, तीन वाजता."

गुरुवारी कॉफीबरोबर एक बिस्किट दिलं आणि डबा बंद केला. मी संडासात गेलो, तर तिथल्या भिंतीवर घरच्यांच्या वाढदिवसांचं कॅलेंडर होतं.


लग्नाला बारा वर्षं झालेल्या जावयाचं नाव त्यात अजून पेन्सिलीनं होतं, माझं शाईनं.