दारावरची निळी पाटी

"ताई, दोन दिवस आमच्या बरण्या तुमच्याकडे ठेवू का? स्वयंपाकघराला रंग काढतेय."

धाकटी जाऊ जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती, दोन्ही हातांत एकेक बरणी धरून. विचारतेय म्हणावं तर बरण्या घेऊनच आली होती. थोरलीने शिलाई मशीन थांबवलं.

"ठेव की. विचारायचं काय त्यात."

बरण्या यायला लागल्या त्या येतच राहिल्या. चवळी, वाटाणे, मसूर, गहू, सुकवलेले टोमॅटो, भोपळ्याच्या वाळवलेल्या चकत्या, तेल. थोरलीची दोन्ही फडताळं भरली, मग खिडकी भरली, उरलेल्या मशीनखाली ठेवाव्या लागल्या. थोरली एकेक बरणी उजेडात धरून बघत होती आणि तिच्या पोटात दुखत होतं.

दुखणं जुनंच होतं. बंदरात जहाजं अडकल्यापासून बाजारात कधी तेल नसे, कधी पीठ. थोरलीकडे महिन्याचं रेशन आलं की डबे भरत आणि वीस-बावीस तारखेला तळ दिसे. त्यावरच तर तिची दोन मुलं जगत होती. वरच्या मजल्यावर मात्र काही कमी पडत नव्हतं. धाकटीने गच्चीवर फुटक्या टबांत बटाटे लावले होते, कोंबड्या पाळल्या होत्या, आणि हे सगळं पालिकेच्या कचेरीत दिवसभर टाइप करून घरी आल्यावर. सासरे तिच्यावर भलतेच खूश. चहा प्यायचे थोरलीच्या हातचा आणि कौतुक करायचे वरच्या अंड्यांचं. अशा वेळी कप त्यांच्या हातातून काढून घ्यावासा वाटे थोरलीला.

बरं, धाकटी स्वभावाने वाईट असती तर निदान भांडता तरी आलं असतं. दर रविवारी ती चार अंडी खाली पाठवायची. थोरली ती मुलांना घालायची आणि स्वतः नाक मुरडून बसायची. कोंबड्यांचा वास येतो असं तिने गल्लीभर केलं होतं. मागे पालिकेत एक तक्रारही टाकली होती, हाताने लिहून, खाली नाव न घालता. त्यानंतर आठातल्या चार कोंबड्या धाकटीला काढाव्या लागल्या. कोणी तक्रार केली, हे विचारायलासुद्धा ती खाली आली नाही.

आणि आता ही पाहणी. बातमी धाकटीनेच आणली होती. पालिकेची माणसं घरोघर साठा बघणार. ज्या घरात सहा महिन्यांचं धान्य, त्या दारावर 'स्वयंपूर्ण घर' अशी निळी पाटी.

"सुरुवात आपल्याच गल्लीपासून आहे, ताई. पहिल्या घराचं नाव पेपरात येणार म्हणे."

तेव्हापासून थोरलीला अन्न गोड लागत नव्हतं. पाटी वरच लागणार, यात शंकाच नव्हती. येणारा-जाणारा तिच्या उघड्याबोडक्या दारावरून वर जाणार आणि पाटी वाचून पुन्हा तिच्याच दारावरून खाली येणार.

बरण्या खाली आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाहणीचा कारकून आला तो आधी खालीच शिरला. फडताळं बघून त्याने चष्मा पुसला.

"वा. हे सगळं तुमचं?"

थोरलीने जिन्याकडे पाहिलं. धाकटी रंगाचा ब्रश हातात धरून पायरीवर उभी होती. सासरे केस कापायला गेले होते.

"तर काय," थोरली म्हणाली. "वर्षभर राबतेय."

"आणि गच्चीवरचे बटाटे? कोंबड्या?"

"तेही माझंच." एकदा सुरुवात केल्यावर अर्ध्यावर थांबण्यात अर्थ नव्हता.

कारकून धाकटीकडे वळला. "तुमच्याकडे काय आहे?"

"या ना, बघा," ती म्हणाली.

वर ओल्या भिंती होत्या आणि एका डब्यात मूठभर तांदूळ. कारकून हळहळत खाली आला. धाकटी आता बोलेल, मग बोलेल, म्हणून थोरली जिन्याकडे बघत होती. पण धाकटी वर पुन्हा भिंत रंगवायला लागली होती. कारकुनाने कागदावर दाखवलेल्या जागी थोरलीने झटकन सही केली. वाचत बसायला तिला वेळ नव्हता, चष्माही मशीनवर राहिला होता.

पाटी लागली. अर्धी गल्ली बघून गेली. थोरलीने ओल्या फडक्याने ती दोनदा पुसली. सासरे आले, त्यांनी पाटी वाचली, पुन्हा वाचली, आणि त्या दिवशीचा चहा अंड्यांचं नाव न काढता प्यायले. थोरलीला इतकं बरं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

संध्याकाळी बरण्या परत वर गेल्या. थोरलीने स्वतः हात लावला. जिंकल्यावर माणसाला मोठं मन परवडतं.

"राग नाही ना आला तुला?" तिने विचारलं.

"कशाचा, ताई? एकाच घरात तर राहतो आपण."

एक तारखेला थोरली रिकाम्या पिशव्या घेऊन रेशनच्या रांगेत उभी राहिली. घरात दोन वेळचं पीठ उरलं होतं. दुकानदाराने तिचं कार्ड पाहिलं, यादी पाहिली आणि कार्ड परत तिच्यापुढे सरकवलं.

"तुमचं बंद झालंय."

"काय बंद झालंय?"

"रेशन. पालिकेचा आदेश आहे, पाटीवाल्या घरांना वर्षभर मिळणार नाही. तुमचा वाटा साठा नसलेल्या घरांना जाणार. सही केलीत की तुम्ही."

"मला कोणी सांगितलं नाही," थोरली म्हणाली. "कुठाय तो आदेश? मला वाचायचाय."

"वाचायला कशाला हवा? पाहणीच्या आधीच आलाय आमच्याकडे," दुकानदार म्हणाला. "तुमच्या मागे उभ्या आहेत ना, त्या बाईंनीच टाइप करून आणून दिला."