अलिनाचा खण

"हा माल कोणासाठी छापतात, सांगू?" स्वरूपने कॉमिकचा नवा अंक काउंटरवर आपटला. "पोरांसाठी नाही. पोरं इकडे फिरकतसुद्धा नाहीत. हा आपल्यासारख्या टकल्यांसाठी."

गळ्यात बँकेचं ओळखपत्र लटकवलेलं समोरचं गिऱ्हाईक मनापासून हसलं. त्याच्या मागे जमालुद्दीन उभे होते. मनामात नईमहून गुदैबियापर्यंत चालत येताना त्यांनी एकच वाक्य घोकलं होतं आणि दुकानात शिरल्यावरही मनात तेच चालू होतं. माझ्या मुलीचं नाव काढून टाका, ती आता येणार नाही.

स्वरूपच्या दुकानात अमेरिकन कॉमिक्स मिळत. काउंटरमागच्या फळीवर नेहमीच्या गिऱ्हाइकांचे खण होते. ज्याचा त्याचा नवा अंक आला की त्याच्या खणात जाई. त्यातल्या एका खणावर जांभळ्या शाईत 'अलिना' लिहिलेली पट्टी होती. ती तिनेच चिकटवली होती. पाच महिन्यांपूर्वी, रमजानच्या आधी, कॉलेजातून येताना गाडीला अपघात झाला आणि अलिना गेली. जमालुद्दीननी तिला मनामाच्या कब्रस्तानात स्वतःच्या हातांनी उतरवलं. तिचे कपडे वाटून झाले, फोनचा नंबर बंद झाला. राहिला होता हा खण. "तिची वाट बघत कोनीतरी बसलाय, ह्या मना सोसवत नाय," सकाळी त्यांची बायको शरीफुन्निसा म्हणाली, तेव्हा ते चपला घालून निघाले.

भिंतीवर पाटी होती: तीन महिन्यांत न नेलेले अंक विकले जातील. अलिनाचा खण मात्र गच्च भरला होता. बिचाऱ्याला कळलेलंच नाही अजून, जमालुद्दीनना वाटलं. आता हे आपल्यालाच सांगावं लागणार.

स्वरूपचं बोलणं थांबत नव्हतं. "गेल्या वर्षी ह्या कव्हरवरच्या हिरॉइनला मारली. मयत काय, रडारड काय, कव्हर चकचकीत आणि किंमत दुप्पट. आता बघा, उठून बसली! का, तर म्हणे जादू झाली. लिहायला काही सुचत नाही, म्हणून मढी उठवतात. काही संपलेलं ज्यांना सोसत नाही ना, त्या मोठ्या माणसांसाठी आहे हे सगळं. खलास झाली ही कॉमिक्स."

"अगदी खरं," गिऱ्हाईक म्हणालं आणि तोच अंक विकत घेऊन निघून गेलं.

या कॉमिक्सवरून घरात काय कमी वाद झाले होते? निकाहाचं वय झालं आणि अजून चित्रांची पुस्तकं, असं जमालुद्दीन म्हणत. अलिना अंक त्यांच्या नाकापुढे धरून इंग्रजीत सांगे, ही लहान मुलांसाठी नसतात अब्बा, एकदा वाचून तर बघा. त्यांनी कधी वाचलं नाही. तिला इथे सोडायला येत, पण बाहेर गाडीतच बसून राहत. दुकान आतून कसं आहे, हे आज पहिल्यांदा दिसत होतं, आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटलं.

"बोला चाचा, नातवासाठी पाहिजे काही?"

"मी अलिनाचा बाप."

स्वरूपचे हात जागीच थांबले.

"ते नाव," जमालुद्दीन म्हणाले, "ती आता..."

"माहीत आहे चाचा. तिच्या मैत्रिणीने त्याच आठवड्यात सांगितलं."

जमालुद्दीननी खणाकडे बोट केलं. "मग हे?"

इतका वेळ मढी उठवणाऱ्यांच्या नावाने खडे फोडणारा माणूस खाली बघायला लागला. "नव्या अंकांचा गठ्ठा फोडला की हात तिकडेच जातो. पट्टी काढायला गेलो होतो, पण नाही जमलं. राहू द्या ना. कुठे काय बिघडतंय?"

जमालुद्दीनना रडू आलं आणि बरंही वाटलं. या मुलखात एक जागा तरी अशी आहे, जिथे अलिनासाठी अजून काहीतरी येतं. राहू दे, त्यांनी मानेनेच सांगितलं आणि ते जायला वळले. काउंटरवर त्या अंकाची आणखी एक प्रत पडली होती. कव्हरवरची बाई शवपेटीतून उठून हसत होती.

"हिच्या मयतीचा अंक अलिनानं वाचलान होता?"

"इथेच उभी राहून. ढसाढसा रडली. मी म्हटलं, वेडे, रडतेस काय, वर्षभरात परत येईल ही. तर माझ्यावरच चिडली. म्हणाली, परत आणली तर मी वाचणंच सोडून देईन. जे खरंखरं रडले, त्यांची चेष्टा आहे ती."

जमालुद्दीन कव्हरकडे बघत राहिले. मग काउंटरला वळसा घालून आत आले आणि अलिनाच्या खणावरची पट्टी नखाने सोडवू लागले. फाटू नये म्हणून अगदी हळू सोडवत होते. पट्टी निघाल्यावर त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"आता हिथं माझा नाव लिवा," ते म्हणाले. "आनि तो मयतीचा अंक काढा. मी तिथपासून वाचतो."