गल्लीतला नियम

विद्यापीठाच्या अँब्युलन्स सेवेत मुक्ता नवी होती आणि प्रमुखांचा एक नियम काही केल्या तिच्या डोक्यात शिरत नव्हता. काशीच्या गल्ल्यांत गाडी जात नाही, पेशंटला स्ट्रेचरवरून उचलूनच आणावं लागतं. तेवढ्या वाटेत त्याच्याशी मोठमोठ्याने बोलत राहायचं, तो शुद्धीवर असो वा नसो!

आज तर खुद्द प्रमुख, दिनानाथ सर, स्ट्रेचर धरायला आले होते. बालाजी घाटामागच्या गल्लीतून एका बेशुद्ध मराठी आजोबांना नेताना ते ओरडत होते, "अहो काका, सकाळी कचौडी खाल्लीत की जिलेबी? बोला की!" दुकानदार दात काढत होते. मुक्ताला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आजोबांना डॉक्टरांच्या हवाली केल्यावर तिने विचारलंच, "सर, बेशुद्ध माणसाला काय ऐकू येणार? हे कुठल्या कोर्सात शिकवतात?"

"कोर्स नंतर केले, खुर्ची त्याच्याही नंतर मिळाली. माझी पहिली नोकरी स्ट्रेचर उचलायची. ब्रह्मा घाटावरच्या एका बाईंना असंच नेत होतो, अगदी चुपचाप. लोक भराभर बाजूला झाले, हात जोडले. कुणीतरी म्हणालं, 'राम नाम सत्य है.' मग अख्खी गल्लीच म्हणायला लागली."

"पण त्या बेशुद्ध होत्या ना?"

"मलाही तसंच वाटलं होतं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि हळूच विचारलं, 'कधी गेले रे मी?'"