अकरा नंबरचं यकृत

"अकरा नंबर गेला, मॅडम," गुलाबराव मडावी ट्रे टेबलावर ठेवत म्हणाले.

वासंती खोब्रागडेंनी काचेच्या पट्टीकडे पाहिलं. तिळाएवढं यकृत पार काळं पडलं होतं. अशी चाळीस यकृतं प्रयोगशाळेने चाळीस माणसांच्या रक्ताच्या थेंबांपासून वाढवली होती. गुलाबरावांनी तीस वर्षं इथले उंदीर सांभाळले होते. पिंजरे गेले, तरी या पट्ट्यांना रोज सकाळी पोषक द्रव घालण्याला ते दाणापाणीच म्हणत.

समोर कंपनीचे भोंगाडे बसले होते. त्यांना नव्या फवारणीच्या औषधाला आज परवाना हवा होता.

"चारशे उंदरांवर तपासलंय, मॅडम. एकालाही काही झालं नाही."

"फवारणीचा पंप उंदराच्या पाठीवर नसतो," वासंती म्हणाल्या. "चाळिसातली सतरा गेली. परवाना मिळणार नाही."

भोंगाडे फाइल उचलून निघून गेले. वासंतींनी अहवाल भरायला घेतला. यंत्रं बदलली, पण सरकारी फॉर्म जुनाच राहिला होता. शेवटच्या रकान्यात विचारलं होतं, 'मेलेल्या जनावराची विल्हेवाट कशी लावली?' तिथे त्या अडल्या.

"गुलाबराव, अकरा नंबर कुणाचा हो?"

"माझाच." गुलाबरावांनी सावकाश हात धुतले आणि खुंटीवरची पिशवी काढली. "लिहा की, जनावर आपल्या पायांनी डबा खायला गेलं."