रोजचं टोपलं

"सोडा ते, बाबा!" देवकीनं वडिलांचं मनगट धरलं. टोपलं अर्धं घंगाळात बुडालं होतं. शालिकराम तिच्याकडे न बघता ते आणखी खाली दाबत होते.

सकाळी आईच्या तेरवीचे शेवटचे पाहुणे गेले, तेव्हापासून ती घर उलथंपालथं करत होती. आईचं एक टोपलं तिला न्यायचं होतं. बाकी काही नको होतं. रद्दी, जुनी कॅलेंडरं, सिमेंटच्या पिशव्या, पोरांच्या फाटक्या वह्या, असा घरातला एकही कागद आईनं कधी वाया जाऊ दिला नाही. भिजवायचा, कुटायचा, वाटलेल्या मेथ्या घालून पालथ्या घागरीवर थापायचा. वाळलं की टोपलं सुटून यायचं. कधी लाह्यांसाठी, कधी लसणासाठी.

फळीवर एकही नव्हतं. माळ्यावरही नव्हतं. शेजारच्या यमुताई तर म्हणाल्या होत्या, "तुही माय शेवटपर्यंत थापतच होती वं. रोज दिसे मले आंगनात." मग ती रोजची टोपली गेली कुठं?

आता दिवेलागणीला, न्हाणीमागं, तिला कळलं.

"सगळी अशीच बुडवली?"

"हो."

या घरात आवाज फक्त शालिकरामांचा चढायचा. आज तिचा चढला. कुंपणापलीकडे यमुताईंची भांडी वाजायची थांबली.

"तिच्या हातचं एक तरी ठेवाचं होतं! कोनाच्या डोयात खुपून राहिलं होतं ते?"

शालिकराम उकिडवे बसले. लकडगंजच्या आरागिरणीत उभा जन्म लाकडं ओढलेले त्यांचे हात पाण्यातच राहिले.

"सगळी म्हंजे एकच होतं," ते म्हणाले. "हेच."

"काय बोलून राहिले तुमी?"

"तिचं डोस्कं गेलं होतं वं. होळीपासून. सैपाक विसरली. दार कोनतं, तेबी विसरली. हात तेवढे विसरले नाही. उठली का लगदा मागे. नवा कागद मुराले दिवस लागते, तिले कोन थांबवन? मंग सांजेले तेच टोपलं घागरीवरून काढून भिजवत होतो अन् सकाळी कुटून तिच्यापुढं ठेवत होतो. तिले वाटे, नवंच हाये."

देवकीचा राग उतरला नाही. त्याला आणखी जागा मिळाली.

"होळीपासून? मी उमरेडले होती, बाबा. विलायतेत नव्हती. सकाळच्या एस.टी.त बसली असती तर जेवाले इथं आली असती. मले काहून नाही बोलावलं?"

"तिनं तुले ओळखलं नसतं."

"ते मी पाहिलं असतं! तुमी कोन ठरवनारे?"

शालिकरामांनी हात बाहेर काढले. तिनं घाईनं टोपलं उचललं, पण त्याचं बूड सुटलं होतं. राखाडी गोळे तिच्या बोटांवरून घंगाळात गळाले. वरची कडा तेवढी हातात राहिली, आणि बघता बघता तीही वाकली.

"या खेपेले तरी पुरं वाळलं होतं," ती म्हणाली. "आता कोनासाठी भिजवलं?"

"पाहुने होते तवरक नाही झालं. आज घर रिकामं झालं." ते घंगाळाकडे बघत राहिले. "सांज झाली अन् हात आपोआप तिकडं गेले."

त्यांचा थकलेला स्वर तिला सहन झाला नाही. लागेल असं काहीतरी तिला बोलायचं होतं. ते तिला सापडलं.

"अन् तुमाले? तुमाले तरी ओळखे का माय?"

शालिकराम धोतराला हात पुसत राहिले. हात कोरडे झाले तरी पुसत राहिले.

"भाऊ म्हने मले," ते म्हणाले. "लगदा पुढं ठेवला का इकडंतिकडं पाहे अन् हळूच सांगे, 'उद्याबी याच टाइमाले येजा गा भाऊ, आमचे हे कामावर गेल्यावर. टोपलं दिसलं का लाथ मारतेत ते.'"